थायरॉइडची गोळी: औषधाच्या दुकानात रोज विचारले जाणारे प्रश्न

गेली एकोणीस वर्षं मी औषधाच्या दुकानाच्या काउंटरमागे उभी आहे. त्यातली चौदा वर्षं मी स्वतःही थायरॉइडची गोळी घेते. डॉक्टरांसमोर विचारायचे राहून गेलेले प्रश्न लोक आमच्याकडे येऊन विचारतात, आणि तेही मागे रांग लागलेली असताना. म्हणून सावकाश उत्तरं लिहून काढली. गोळीचा डोस ठरवणं हे डॉक्टरांचं काम, त्यात मी पडत नाही. पण ती गोळी घरी गेल्यावर तिचं काय होतं, हे आम्हाला जितकं दिसतं तितकं त्यांनाही दिसत नसावं.

“मला थायरॉइड झालाय” म्हणजे नेमकं काय झालंय?

थायरॉइड सगळ्यांनाच असतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची वीसेक ग्रॅमची ग्रंथी. शाळेच्या पुस्तकात हिलाच अवटू ग्रंथी म्हणायचे. ती थायरॉक्सिन (टी४) आणि थोडं टी३ तयार करते, आणि शरीराचा प्रत्येक अवयव किती वेगाने चालायचा ते त्यावर ठरतं. हे हार्मोन कमी पडलं की हायपोथायरॉइड, जास्त झालं की हायपरथायरॉइड. हे पान पहिल्याबद्दल आहे.

हा फरक मी मुद्दाम आधी सांगते, कारण “शेजारच्या वहिनी घेतात तीच थायरॉइडची गोळी द्या” असं म्हणणारे महिन्यातून एकदा तरी येतात. दोन्ही आजारांची औषधं एकमेकांच्या बरोबर उलट काम करतात. वहिनींची गोळी वहिनींनाच राहू द्या.

रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलाय आणि डॉक्टर म्हणतात थायरॉइड कमी आहे. हे उलटं कसं?

टीएसएच थायरॉइड ग्रंथीत तयार होतच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येतं आणि थायरॉइडला “काम कर” असं सांगतं. सकाळी आई मुलाला उठवते तसं समजा. मुलगा पहिल्या हाकेला उठला तर आवाज चढवायची गरजच नसते. तो उठेना, की हाक मोठी होत जाते. टीएसएच म्हणजे ती हाक. आकडा वाढलेला म्हणजे ग्रंथी सुस्तावलेली.

बहुतेक लॅबमध्ये मोठ्या माणसांसाठी साधारण ०.४ ते ४.५ ही मर्यादा छापलेली असते. लॅबप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून आपल्याच रिपोर्टवरची मर्यादा बघायची. टीएसएच जास्त आणि फ्री टी४ (रक्तात मोकळं फिरणारं थायरॉक्सिन) कमी असेल तर आजार स्पष्ट आहे. क्वचित पीयूषिकाच बिघडलेली असते. तेव्हा ग्रंथी सुस्त असूनही टीएसएच साधाच दिसतो. अशा वेळी फ्री टी४ बघितल्याशिवाय कळत नाही.

लक्षणं कोणती? माझं तर फक्त वजन वाढलंय.

थकवा, सगळ्यांना उकडत असताना आपल्याला थंडी वाजणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणं, पाळीत जास्त रक्तस्राव, पायात गोळे येणं, मन उदास राहणं, विसरभोळेपणा, मंद नाडी, रक्तात कोलेस्टेरॉल वाढणं. काहींच्या भुवया बाहेरच्या टोकाला विरळ होतात. हाताला मुंग्या येतात म्हणून तपासायला गेलेल्यांनाही कधी कधी हेच निघतं.

अडचण अशी की यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कशावर तरी ढकलता येतं. आमच्या एक नेहमीच्या काकू दर महिन्याला पोट साफ होण्याचं चूर्ण न्यायच्या. मग पायाच्या भेगांचं मलम सुरू झालं. मग एका मे महिन्यात त्या स्वेटर घालून दुकानात आल्या, आणि आवाज इतका जाड झालेला की फोनवर ओळखू आल्या नसत्या. “वय झालं गं आता,” म्हणाल्या. वय त्रेपन्न. मी म्हटलं, काकू, चूर्ण राहू दे, आधी रक्त तपासून या. टीएसएच ८० च्या वर निघाला. दोन वर्षांची त्यांची खरेदी डोळ्यांसमोर आणली तर सगळा आजार आमच्याच बिलांवर लिहिलेला होता.

हा होतो कशामुळे? आमच्या घरात तर कुणालाच नव्हता.

सर्वात मोठं कारण हाशिमोटो. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली याचं वर्णन केलं. यात शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच थायरॉइडवर हल्ला करते आणि ग्रंथी वर्षानुवर्षं हळूहळू निकामी होत जाते. रक्तात अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं) वाढलेलं दिसतं. ही तपासणी निदानाच्या वेळी एकदा पुरे; दर सहा महिन्यांनी ती करून काही हाती लागत नाही, पैसे मात्र जातात. पुरुषांपेक्षा बायकांना हा त्रास कितीतरी पटीने जास्त होतो, आणि टाइप १ मधुमेह किंवा कोड असलेल्या कुटुंबांत तो अधिक दिसतो.

बाकीची कारणं: थायरॉइडचं ऑपरेशन, रेडिओ-आयोडीनचा उपचार, लिथियम (मानसिक आजारासाठीचं) किंवा अमिओडॅरोन (हृदयाच्या ठोक्यांसाठीचं) यांसारखी औषधं, आणि बाळंतपण. माझा दुसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झाला. काही जणींचा वर्षभरात आपोआप बरा होतो, माझा नाही झाला.

तुम्ही एकटे नाही, एवढं नक्की. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत, ज्यात मुंबई आणि गोवाही होते, ५ हजारांहून जास्त प्रौढांचं रक्त तपासलं गेलं. साधारण ११ टक्के लोकांना हायपोथायरॉइड निघाला. त्यातल्या बऱ्याच जणांना त्या दिवसापर्यंत पत्ताही नव्हता.

मग आयोडीनचं मीठ खाऊन काय उपयोग झाला?

झाला की. डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं. त्यातून १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीन कमी पडल्यामुळे होणारा मोठा गलगंड आणि मुलांची खुंटलेली बुद्धी, यावरचा तो उपाय आहे. हाशिमोटो मात्र आयोडीन पुरेसं असूनही होतो, त्यामुळे जास्त मीठ खाल्ल्याने तो बरा होत नाही. समुद्री शेवाळाच्या गोळ्यांनी तर बिघडूही शकतो.

मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं आणि साधं आयोडीनयुक्त मीठ, थोडं दूध, किंवा कोकणात असाल तर मासळी यातून ते मिळतं. हल्ली बरेच जण वर्षभर सैंधवच वापरतात. उपवासाला वापरा, पण रोजचं मीठ पूर्ण बंद करून सैंधवावर राहू नका, विशेषतः घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर. आणि मिठाचा डबा गॅसशेजारी उघडा ठेवू नका, आयोडीन उडून जातं.

टीएसएच ६.२ आलाय. लगेच गोळी सुरू करू का?

एका रिपोर्टवर नाही. सर्दी-तापातून उठल्यावर, किंवा नुसत्या वेळेच्या फरकानेही हा आकडा हलतो. फ्री टी४ नॉर्मल असेल तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायची पद्धत आहे. कित्येकांचा आकडा आपोआप खाली येतो. १० च्या वर गेला तर बहुतेक डॉक्टर गोळी देतात. ४.५ ते १० या मधल्या पट्ट्यात वय, लक्षणं, अँटी-टीपीओ आणि मूल हवंय का, यावर ठरतं.

म्हाताऱ्या माणसांचा टीएसएच वयानुसार थोडा वर असतोच. २०१७ साली पासष्टीच्या पुढच्या ७३७ लोकांवरचा एक युरोपीय अभ्यास प्रसिद्ध झाला. आकडा थोडासा वाढलेल्या या लोकांपैकी निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना खोटी. थकव्यात किंवा लक्षणांत दोघांमध्ये काही फरक पडला नाही. पॅकेज तपासणीत आजीच्या रिपोर्टवर ठळक अक्षरात “हाय” छापून आलं म्हणून आजीला लगेच आयुष्यभराची गोळी लावायला नको, असं माझं मत.

गोळी नेमकी कशी घ्यायची?

सगळा खेळ या एका प्रश्नात आहे. “डोस वाढवून वाढवून थकले, टीएसएच खालीच येत नाही” असं सांगणाऱ्या दहा जणांपैकी निम्म्यांची तरी गडबड सकाळच्या पहिल्या तासात असते.

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे या गोळीतलं औषध, रिकाम्या पोटीच नीट शोषलं जातं. उठल्यावर साध्या पाण्याबरोबर गोळी, आणि मग निदान अर्धा तास, शक्यतो एक तास, पोटात दुसरं काही नाही. चहाही नाही. इथेच घोडं अडतं. “चहा म्हणजे काय खाणं आहे का, ताई?” हे मी हजार वेळा ऐकलंय. चहात दूध असतं, दुधात कॅल्शियम असतं, आणि कॅल्शियम गोळीला धरून ठेवतं. कॉफीनेही शोषण कमी होतं, हे तर तपासून सिद्ध झालंय. बिस्किटांची मी बातच करत नाही.

एक तास ज्यांना जमतच नाही, पहाटे पाचला डबे करून लोकल पकडायची असते, त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे: रात्री झोपताना. जेवण होऊन तीन तास झालेले हवेत. साडेआठला जेवून साडेअकराला झोपणाऱ्यांना हे छान जमतं. दहाला जेवून साडेदहाला आडवं होणाऱ्यांना नाही. बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगा, आणि मग जी वेळ धराल ती रोज तीच.

कॅल्शियम, लोह, अँटासिड आणि मल्टिव्हिटॅमिन यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर हवं. हे मी दिवसातून वीस वेळा सांगते. आणि तरी, दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, माझं कॅल्शियम सुरू झालं तेव्हा “विसरायला नको” म्हणून मी दोन्ही बाटल्या एकाच डब्यात ठेवल्या आणि चार महिने एकत्र गिळल्या. टीएसएच ३ वरून ११ वर. डॉक्टर डोस वाढवायला निघाले होते. मी हळूच कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर नेलं, त्यांना कबुलीही दिली, आणि दोन महिन्यांत जुन्याच डोसवर आकडा खाली आला. पॅन्टोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्याही शोषणात अडथळा आणतात. त्या चालू असतील तर थायरॉइडच्या डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

सकाळी विसरले तर?

आठवेल तेव्हा, पोट रिकामं असेल अशा वेळी घ्या. ही गोळी शरीरात निम्मी व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे एक दिवस चुकल्याने आभाळ कोसळत नाही. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायला बरेच डॉक्टर परवानगी देतात, पण हृदयविकार असेल तर न विचारता नको.

हरतालिकेला निर्जळी उपवास असतो. गोळी घ्यायची का?

एरवीच्या उपवासाला प्रश्नच नाही, पाणी चालतं म्हणजे गोळी चालते. निर्जळीला पहाटे उपवास सुरू होण्याआधी घ्या. मन मानत नसेल तर एक दिवस राहिली तरी चालेल, वर सांगितलेल्या सात दिवसांच्या कारणामुळेच. नवरात्रात नऊ दिवस सोडणं मात्र चालणार नाही.

बाटली कुठे ठेवायची? कंपनी बदलली तर चालते?

ही गोळी नाजूक आहे. उष्णता, उजेड आणि दमट हवा, तिन्हींचं तिला वावडं. फ्रिजच्या डोक्यावर, गॅसवरच्या फडताळात, बाथरूमच्या आरशामागे नको. बेडरूमच्या कपाटात, मूळ बाटलीतच, झाकण घट्ट. महिन्याच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या पुडीत काढून ठेवू नका. आठवड्याच्या डबीपुरत्या चालतील.

कंपनी शक्यतो एकच धरा. थायरोनॉर्म असो, एल्ट्रॉक्सिन असो की जनऔषधीतली, औषध एकच आहे आणि कुठलीही चालते. पण या महिन्यात ही, पुढच्या महिन्यात ती, असं करू नका. बदलावीच लागली तर सहा आठवड्यांनी टीएसएच बघा. आणि बाटली घेताना तिच्यावरचा मायक्रोग्रॅमचा आकडा मोठ्याने वाचा. २५, ५०, ७५, ८८, १००, ११२, सगळ्या बाटल्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी दिसतात. घाईत चूक आमच्याकडूनही होऊ शकते.

गोळी सुरू झाली की वजन उतरेल ना?

थोडं. हायपोथायरॉइडमुळे चढलेलं वजन साधारण दोन ते साडेचार किलो असतं, आणि त्यातलं पुष्कळसं अंगात साठलेलं पाणी आणि मीठ. ते उतरतं. वरचे पंधरा किलो थायरॉइडच्या खात्यावर टाकता येत नाहीत. वजन उतरवण्यासाठी स्वतःच डोस वाढवणाऱ्याही काही जणी असतात. त्याने छातीत धडधड, झोप उडणं, हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि पुढे हाडं ठिसूळ होणं, एवढं पदरात पडतं.

कोबी, फ्लॉवर, सोयाबीन बंद करायचं का?

शिजवलेला कोबी-फ्लॉवर नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा. सोयाबीन गोळीपासून लांबच्या वेळी खा, म्हणजे झालं.

व्हॉट्सॲपवर आलंय, धण्याचं पाणी चाळीस दिवस प्यायलं की थायरॉइड मुळापासून जातो.

धण्याचं पाणी उन्हाळ्यात प्यायला छान लागतं. निकामी झालेली ग्रंथी त्याने परत काम करायला लागत नाही. कांचनार गुग्गुळ हे आयुर्वेदिक औषध घ्यायचं असेल तर वैद्यांना आणि डॉक्टरांना दोघांनाही सांगून घ्या. गोळी बंद करून नको.

गरोदर राहिल्यावर गोळी बंद करायची का? बाळाला बाधेल.

उलट आहे, आणि हे मी हात जोडून सांगते. पहिले तीन महिने बाळाला जवळजवळ पूर्णपणे आईच्याच थायरॉक्सिनवर राहावं लागतं, त्याच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते. या काळात गरज साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढते. म्हणून पाळी चुकली आणि तपासणीत कळलं, की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. महिन्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच बघतात. मूल हवं असेल तर आधीच आकडा २.५ च्या खाली आणायला सांगतात.

याच काळात आशाताई लोहाच्या गोळ्या देतात, मग कॅल्शियम सुरू होतं. तीन गोळ्या, तीन वेळा: थायरॉइड पहाटे, लोह दुपारी जेवणानंतर, कॅल्शियम रात्री. एका मुलीला मी हे बाटल्यांवरच पेनाने लिहून दिलं होतं. आता सगळ्यांनाच लिहून देते. बाळंतपणानंतर डोस बहुधा पुन्हा पहिल्यावर येतो आणि अंगावर पाजताना गोळी चालते.

बाळाची तपासणी करायची का?

हो, आईला थायरॉइड असो वा नसो. जन्मतःच ग्रंथी नसलेली किंवा काम न करणारी बाळं भारतात साधारण हजारात एक असतात. सुरुवातीला ती अगदी गुणी, शांत, झोपाळू वाटतात. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन कळतं, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखंच वाढतं. ही तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही. दवाखान्यातून घरी जायच्या आधी विचारा.

आता बरं वाटतंय, रिपोर्टही नॉर्मल. बंद करू?

रिपोर्ट नॉर्मल आहे तो गोळीमुळे. चष्मा लावून दिसायला लागलं म्हणून चष्मा फेकत नाही आपण. बाळंतपणानंतरचा किंवा मधल्या पट्ट्यातला थायरॉइड असेल तर डॉक्टर कधी कधी थांबवून बघतात. तो निर्णय त्यांचा.

“आयुष्यभर” या शब्दाने ज्यांच्या पोटात गोळा येतो त्यांना मी एक गोष्ट सांगते. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून ४६ वर्षांच्या एका बाईंना टोचायला सुरुवात केली. त्याआधी या आजाराच्या टोकाला पोचलेल्यांना काही उपायच नव्हता. त्या बाई पुढे २८ वर्षं जगल्या, मेंढ्यांच्या जिवावर. आपल्याला वाटाण्याहून लहान गोळी आहे, दिवसाला दोनेक रुपयांची.

टीएसएच नॉर्मल आहे तरी थकवा जात नाही.

मग हिमोग्लोबिन, बी१२, डी जीवनसत्त्व, साखर आणि झोप बघा. शाकाहारी लोकांत बी१२ पुष्कळदा कमी निघतं. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो, हेही लक्षात ठेवा. पंधरा दिवसांत तपासून निराश होऊ नका.

तपासणीच्या दिवशी रक्त दिल्यावर गोळी घ्या, दरवेळी साधारण त्याच वेळेला जा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन दिवस आधी बंद ठेवा. त्याने रिपोर्टच खोटा येऊ शकतो आणि डोस जास्त झालाय असं वाटू शकतं.

कधी वाट बघत थांबायचं नाही?

उपचार न घेतलेल्या किंवा गोळी सोडलेल्या माणसाला, बहुतेकदा थंडीत किंवा न्यूमोनियासारख्या आजारात, गुंगी यायला लागली, अंग गार पडलं, बोलणं असंबद्ध झालं, श्वास मंदावला, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. घरी गोळ्या वाढवून देऊ नका. छातीत दुखणाऱ्या किंवा अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला नव्याने गोळी सुरू होते तेव्हा डॉक्टर मुद्दाम १२.५ किंवा २५ पासून चढवतात. तिथेही घाई नको.

मुलीकडे अमेरिकेला सहा महिने चाललोय. गोळ्या किती नेऊ?

सहा महिन्यांच्या, वर पंधरा दिवसांच्या. मूळ बाटल्यांत, बिल आणि प्रिस्क्रिप्शनसकट, आणि हातातल्या बॅगेत. विमानात टाकलेली मोठी बॅग दोन दिवस उशिरा आल्याचे किस्से आमच्याकडे बरेच आहेत. प्रिस्क्रिप्शनवर कंपनीच्या नावाबरोबर “लेव्होथायरॉक्सिन” हे नाव आणि मायक्रोग्रॅमचा आकडा लिहून घ्या, तिकडच्या फार्मसीत आपली ब्रँडची नावं कुणी ओळखत नाही. घड्याळ साडेनऊ ते साडेतेरा तास मागे गेलं म्हणून हिशोब करत बसू नका. तिथे पोचल्यावर तिथल्या सकाळी घ्या. आणि मुलगी उठल्या उठल्या कॉफीचा मग हातात देईल, तेव्हा तिला सांगा, तासभर थांब.